खालच्या चौकटीतली बाई

"नाना, ही लढाई कुठली?"

भैरोबाच्या देवळामागं जुने पाच वीरगळ उभे आहेत. सर्जेराव हवालदार त्यांच्यासमोर काठीवर भार देऊन उभे होते. मी पलीकडे करंजाच्या सावलीत नव्या दगडाची कड घासत होतो.

"मला काय ठाऊक," मी म्हणालो. "माझ्या आज्यालाबी ठाऊक नव्हतं."

"कोण कुणावर चालून गेलं हुतं?"

"न्हाई सांगता यायचं."

"आन् खरं कुणाचं हुतं?"

मी हातातला गोटा खाली ठेवला. असला प्रश्न आजवर मला कुणी केला नव्हता. लोक वीरगळापाशी येतात, शेंदूर लावतात, नारळ फोडतात आणि आपल्या कामाला जातात.

"दगडावर ज्याचं चित्र, त्याचं खरं," मी म्हणालो आणि हसलो. हवालदार हसले नाहीत.

ही नव्वद सालच्या उन्हाळ्यातली गोष्ट. मी तेव्हा शेहेचाळीस वर्षांचा होतो. नाव लिंबा, पण पुष्कळजण नाना म्हणायचे. पळशेवाडी हे माझं गाव नव्हे. मी दोन कोसांवरचा. पाटे-वरवंटे, उंबरठे, कधीमधी एखादा नंदी अशी कामं करत फिरायचो. पळशेवाडीतून दर पिढीला दहा-वीस पोरं पलटणीत जातात. त्यातला हिंदुराव साबळे लंकेत मेला. तिकडं शांतता राखायला आपलं सैन्य गेलं होतं आणि शांतता राखता राखता लढाईच जुंपली. सैन्य परत आलं तेव्हा गावात दोन तट पडले होते. चावडीवर रोज भांडण. कुणी म्हणायचं, जायलाच नको होतं, परक्याच्या घरातलं भांडण आपण कशाला अंगावर घेतलं. कुणी म्हणायचं, सरकारनं पाठवलं म्हणजे गेलंच पाहिजे. हिंदुरावच्या नावानं दगड बसवायचा हे सगळ्यांना कबूल होतं, पण त्याच्यावर काय लिहायचं यावर पंचायतीच्या तीन बैठका मोडल्या. रणपिसे गुरुजींनी मजकूर करून आणला, सरपंच माणिकरावांनी खोडला. 'लंका' शब्द घालायचा की नाही, 'शांतता' म्हणायचं की 'युद्ध', 'देशासाठी' म्हणावं तर कुठल्या देशासाठी, असं ते चालायचं.

शेवटी हिंदुरावची आई गजराबाई बैठकीत उभी राहिली आणि म्हणाली, "तुमची अक्षरं तुमच्यापाशी ऱ्हाऊ द्या. मला कुठं वाचता येतंय? देवळामागं हाईत तसला दगड करा. त्यो कुणालाबी कळतो."

सगळ्यांनाच सुटल्यासारखं झालं. चित्राला लढाईचं नाव सांगावं लागत नाही. मला बोलावणं आलं ते असं. मलाही ते बरं वाटलं, कारण अक्षर म्हणजे काय हे मलाही कळत नव्हतं. कुणी खडूनं काढून दिलं तर मी त्यावरून छिन्नी फिरवायचो, एवढंच.

लंकेत हिंदुरावच्या तुकडीवर असलेले हवालदार काठी टेकत माझ्याकडं आले आणि दगडाच्या चुऱ्यातच बसले. उजवा पाय सरळ पुढं ठेवला. तो त्यांना दुमडता येत नव्हता.

"ह्याच्यावर काय काय काढणार?" त्यांनी विचारलं.

मी बोटानं दाखवलं. "वरती चंद्र-सूर्य. त्याच्या खाली वीर पिंडीपुढं हात जोडून बसलेला. मधल्या चौकटीत त्याला सर्गाला नेणाऱ्या बाया. आन् हितं, तळाला, लढाई."

"लढाई कशी काढणार?"

"रीतीपरमानं. मधी हिंदुराव बंदूक घेऊन. समोर दोन-तीन दुस्मान. एखादा पायाखाली पडल्याला."

"समोर कुणी नव्हतं," हवालदार म्हणाले.

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं.

"समोर ताडाच्या झावळ्यांचं कुंपण हुतं. दुपारची येळ. लोकांना घराबाहेर पडायला बंदी केल्याली. आदल्याच दिशी त्या वाटेवर आमची दोन पोरं मारल्याली, त्यामुळं सगळी बिथरल्याली. कुंपण हाललं. मी म्हणालो, फायर. हिंदू माझ्या उजव्या हाताला हुता. त्यानं एकच गोळी मारली. नेम लई चांगला त्याचा."

ते माझ्या हातोड्याकडं बघत होते.

"कुंपणामागनं शेरडाचं पिल्लू बाहेर आलं. त्याच्या मागं त्याला धरायला आल्याली म्हातारी. पोटात लागली तिला. वरडत बी नव्हती, नुसतं हात हलवीत हुती, जणू म्हणतीय, माझं राहू द्या, पिल्लू धरा. मी म्हणालो, कुणी जागचं हालायचं न्हाई. हिंदूनं बंदूक टाकली आन् पळाला. म्हातारीला खांद्यावर घेतली. दहा पावलं आला आसंल. मग कुठनं तरी तिकडनं गोळ्या सुरू झाल्या. दोघंबी गेली. माझ्या पायाला लागली ती त्याला वढून आणताना."

करंजाच्या झाडावर कावळा ओरडत होता. मी मांडीवरचा चुरा झटकला.

"गजराकाकूला ठाऊक हाय?"

"पत्रात आलं, चकमकीत वीरमरण. त्ये खोटं न्हाई. मी दोन वर्सं झाली, चारदा तिच्या दारात गेलो. ती चहा ठेवती, माझ्या पायाला तेल लावून देती. कसं सांगू? नाना, मला न्हाई सांगता येत. दगडानं सांगू दे."

"म्हंजी काय काढू?"

"म्हातारी काढ. शेरडू काढ. आन् हिंदूच्या बंदुकीचं तोंड तिच्याकडं पाहिजे." त्यांनी काठीच्या टोकानं मातीत रेघ ओढली, एका बाजूला माणूस, दुसऱ्या बाजूला आडवी बाई. "आज चावडीवर भांडत्यात त्यातलं एकबी माणूस शंभर वर्सांनी नसंल. त्या वक्ताची पोरं हितं येऊन माझ्यासारखीच उभी ऱ्हातील. त्यांनी इचारलं, खरं कुणाचं हुतं, तर त्यांना बघायला काय तरी ऱ्हायला पाहिजे."

"आन् तुम्ही? हुकूम तर तुमचा."

"माझं कुठं बसवणार? जित्या माणसाला वीरगळावर जागा नसती," ते म्हणाले. "असती तर सांगितलं असतं."

"बघतो," मी म्हणालो.

त्यांनी ते होकार म्हणून घेतलं. दुसऱ्या दिवशी ते पायाच्या तपासणीसाठी पुण्याला गेले. दगड उभा करायच्या दिवशीच परत यायचे होते.

आमच्या घराण्यात एक रीत होती. वीराच्या घरच्यांना लढाईची चौकट दगड उभा राहीपर्यंत दाखवायची नाही. ती सगळ्यात शेवटी करायची आणि काम थांबलं की तिच्यावर गोणपाट टाकायचं. त्यामुळं गजराबाई रोज यायची ती वरच्या दोन चौकटी बघायला. दुपारी भाकरी आणि कांदा घेऊन यायची, माझ्यासमोर बसायची आणि बोलत राहायची.

"लिंबा, ह्या बायांनी माझ्या पोराला किती घट धरलाय रं. लाज न्हाई वाटत?"

"सर्गातल्या हाईत काकू त्या. त्यांना कसली लाज?"

"त्याची बायको असती तर झिंज्या धरल्या असत्या ह्यांच्या." ती हसायची आणि हसता हसता नाक पुसायची. हिंदुरावचं लग्न ठरलं होतं, झालं नव्हतं. "नाक जरा मोठं कर. बापाचं नाक हुतं त्याचं. आन् मिशी वर कर की जरा. रडव्यावानी काय ठेवलीस?"

मी मिशी वर केली.

एक दिवस ती म्हणाली, "धाकल्याच्या बायकूला दिवस गेल्यात. पोरगं येऊ दे न्हाईतर पोरगी, चालाय लागलं की पयलं हितं आणणार. म्हणणार, ह्यो तुझा चुलता."

तिच्या त्या बोलण्यानंतर मी खालच्या चौकटीला हात घातला.

चार दिवस लागले. हिंदुराव मध्ये काढला, पाय रोवलेला. त्याच्या मागं, डाव्या बाजूला, म्हातारी आडवी. तिच्या डोक्याशी शेरडाचं पिल्लू. उजव्या कडेला दोन ताडाची झाडं. बंदुकीची नळी जेव्हा आखायची वेळ आली तेव्हा मी गेरू हातात घेऊन बराच वेळ बसलो. डावीकडं फिरवली असती तर दगडात तेवढी जागा होती. मी उजवीकडं फिरवली, ताडाच्या झाडांकडं. मग छिन्नी धरली.

अक्षय तृतीयेनंतरच्या सोमवारी दगड उभा केला. वाजंत्री होती, निवृत्त सुभेदार छातीवर पदकं लावून आले होते, शाळेची पोरं रांगेत होती. हवालदार एसटीतून उतरून थेट तिथं आले. माणिकरावांनी गोणपाट ओढलं.

सगळे पुढं सरकले. मग माणिकराव पुढं वाकले, त्यांनी जुन्या वीरगळांपैकी एकाकडं बघितलं, पुन्हा नव्याकडं बघितलं. त्या जुन्या दगडावर खाली गुरं आहेत आणि एक बाई आहे. आमच्या भागात शेंबड्या पोरालाही त्याचा अर्थ ठाऊक असतो. खाली जनावर असलं की वीर गुरं राखताना मेला, बाई असली की बाईमाणसाच्या अब्रूसाठी मेला.

"मंडळी," माणिकराव मोठ्यानं म्हणाले, "आपण इतके दिवस भांडलो. ती लढाई बरोबर का चूक. बघा, ह्या पाथरवटानं एका घावात भांडण मिटवलं. आपला हिंदुराव परमुलखात एका गरीब म्हातारीला आणि तिच्या मुक्या जनावराला पाठीशी घालून लढला! आता कुणाची छाती हाय चूक म्हणायची?"

टाळ्या झाल्या. गुरुजींचे डोळे भरून आले. दोन्ही तटांची माणसं एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून उभी राहिली. बाया गजराबाईच्या पाया पडायला लागल्या. ती गर्दीतून वाट काढत हवालदारांपाशी गेली, त्यांच्या दोन्ही गालांवरून हात फिरवून तिनं बोटं मोडली.

"सर्जा, माझ्या पोरानं म्हातारी वाचवली, आन् तू एवढी दोन वर्सं बोलला न्हाईस व्हय रं?"

हवालदारांनी तिचे हात हळूच खाली घेतले.

थोड्या वेळानं त्यांनी मला देवळाच्या मागच्या भिंतीशी गाठलं.

"तोंड फिरवायला सांगितलं हुतं."

"बाई हाय, हवालदार. शेरडू हाय. तुम्ही सांगितलं त्ये सगळं हाय."

"नळी कुठं हाय?"

"दगडाला जागा नव्हती तिकडं," मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की मी नजर खाली घातली. "तुला ठाऊक हुतं," ते म्हणाले. "लोक काय वाचणार, तुला आधीच ठाऊक हुतं."

मी उत्तर दिलं नाही. आता मात्र देतो. होय, ठाऊक होतं. गेरू हातात घेऊन बसलो होतो तेव्हा माझ्या मनात माणिकरावांचे शब्दसुद्धा जवळपास तसेच येऊन गेले होते. हवालदारांना त्यांची म्हातारी मिळेल, गजराबाईला तिचा वीर मिळेल, गावाला एकी मिळेल, आणि मी एकही गोष्ट खोटी कोरलेली नसेल. माझ्या हुशारीचं मला त्या दिवशी कौतुक वाटलं होतं. पुढं पंचावन्नाव्या वर्षी मी साक्षरतेच्या वर्गात जाऊन बसलो. बाकीचे आपापलं नाव लिहायला शिकत होते. मी बाईंना म्हणालो, मला आधी 'बंदूक' लिहून द्या. बाई हसल्या. त्यांना वाटलं, म्हातारा चेष्टा करतोय.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी हत्यारं बांधत होतो. गजराबाई आली. तिच्या हातात भाकरी नव्हती. ती दगडासमोर उभी राहिली, मग जुन्या दगडांकडं गेली, एकेकाची खालची चौकट वाकून बघून परत आली.

"लिंबा, इकडं ये."

मी गेलो.

"त्या जुन्या दगडावरची बाई उभी हाय. वाचल्याली बाई उभी असती. मग ही आडवी का?"

"दमल्याली आसंल," मी म्हणालो. एवढं मूर्ख उत्तर मी आयुष्यात दिलं नाही.

"माझं पोर मेलंय, अक्कल मेली न्हाई," ती म्हणाली. "काल समदं गाव माझ्या पाया पडत हुतं आन् माझी नजर हिच्यावरनं हालत नव्हती. हिला गोळी कुणाची लागली?"

"मी तिथं नव्हतो, काकू."

"जो हुता त्याला बोलीव."

हवालदारांचं घर देवळापासून हाकेच्या अंतरावर. मी हाक मारली. त्यांनी येताना काठीही घेतली नव्हती, भिंतीला धरत धरत आले. गजराबाईनं तोच प्रश्न त्यांना केला. तिचा आवाज चढलेला नव्हता. दूध कुणी घातलं, असं विचारावं तसा होता.

"हिंदूची, काकी," ते म्हणाले. "हुकूम माझा."

मग त्यांनी सगळं सांगितलं. मला सांगितलं तेव्हा ते थांबत थांबत बोलले होते. आता एका दमात बोलले. कुंपण, पिल्लू, हात हलवणारी म्हातारी, दहा पावलं. ती ऐकता ऐकता खाली बसली. पदर तोंडाशी नेला नाही, रडली नाही. पायाशी पडलेली दगडाची एक कपची उचलून ती बोटांत फिरवत राहिली.

"त्यानं उचलली हुती?"

"खांद्यावर घेतली हुती."

"मारली बी त्यानंच."

"व्हय."

"येकाच दुपारी."

"येकाच घडीला, काकी."

हवालदार म्हणाले, "मला शिव्या द्या. जोड्यानं मारा."

"तुला मारून काय हुतंय? बस गप खाली. पाय लांब कर."

मला राहवेना. "काकू, मी ती चौकट तासून टाकतो," मी म्हणालो. "खोलात जाऊन पुन्यांदा काढतो. बंदूक फिरवून."

"हात लावू नगंस," ती म्हणाली. "तू एकदा काढलंस तेवढं बास."

मला वाटलं, ती आता उठून जाईल. गावाला कळू द्यायचं नाही, एवढं सांगेल आणि जाईल. ती म्हातारीच्या आडव्या चित्राकडं बघत होती. तिथं एक मुंगी चालली होती, तिनं ती बोटानं अलगद बाजूला केली.

"हिला पोरंबाळं असतील न्हवं?"

"असतील," हवालदार म्हणाले. "आमी लगोलग तिथनं हाललो. नावबी कळलं न्हाई."

"लिंबा, तिकडंबी पाथरवट असत्यात का रं?"

"असतील की. दगूड हाय तिथं पाथरवट हाय."

"मग त्यांनी हिचा असला दगड क्येला आसंल, तर..." ती थांबली. "त्याच्यावर माझा हिंदू कसा काढला आसंल?"

हवालदारांनी मान फिरवली. मी म्हणू शकलो असतो, मला काय ठाऊक. पण मला ठाऊक होतं. माझ्या बापानं मला शत्रू कसा काढायचा ते वीर काढण्याच्या आधी शिकवलं होतं. तो सोपा असतो. त्याला नाक लागत नाही, मिशी लागत नाही, आईला विचारावं लागत नाही.

"दाखीव," ती म्हणाली. "तुला येतंय. तुझ्या तोंडावर दिसतंय."

पिशवीत गेरू होता. मी देवळाच्या फरशीवर बसलो. आधी म्हातारी काढली, या वेळी मोठी, मधोमध, हात पुढं केलेली. पिल्लू तिच्या कुशीत. मग उजव्या कडेला तो. जाड बूट. वाकडे पाय. तोंडाच्या जागी नुसता गोळा, त्यात दात. आणि बंदुकीची नळी सरळ, एका रेघेत, म्हातारीच्या पोटावर. रेघ कुठं चुकली नाही. जन्मात मी काढलेलं इतकं बिनचूक चित्र दुसरं नाही.

गजराबाई वाकली. गुडघ्यांवर हात ठेवून तिनं त्या दात काढलेल्या माणसाकडं बघितलं. मग मागं वळून दगडावरच्या, मिशी वर केलेल्या हिंदुरावकडं बघितलं. पुन्हा खाली बघितलं. मला भीती वाटली की ती पदरानं ते पुसून टाकेल. हवालदारही अर्धे उठले होते.

तिनं पुसलं नाही. ती फरशीवर, त्या चित्राच्या शेजारी, मांडी घालून बसली.

"व्हय," ती म्हणाली. "ह्योबी त्योच."